स्टेशन बंद का पडतं? कुलाबा टर्मिनसची गोष्ट, एका ठाणेकराकडून

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ असतं. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही ३ इंजिनं, ३४ किलोमीटरचं अंतर. पण त्या प्रवासाच्या दोन टोकांचं पुढे काय झालं, याकडे फारसं कुणी बघत नाही. बोरीबंदरचं ते पहिलं लाकडी स्टेशन आज उरलेलं नाही. त्याच्या जागी आणि आजूबाजूला १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उभं राहिलं. ठाणे मात्र आहे तिथेच आहे. इमारती बदलल्या, फलाट वाढले, पूल आले-गेले, पण स्टेशनाने जागा सोडली नाही.

मुंबईतली सगळीच स्टेशनं इतकी नशीबवान नव्हती. दक्षिण मुंबईत एक मोठं, गजबजलेलं टर्मिनस होतं, कुलाबा. तिथून गुजरातच्या आणि उत्तरेच्या गाड्या सुटत, उपनगरी गाड्या सुटत, कापसाच्या गासड्यांनी भरलेल्या वाघिणी तिथे येत. ते ३१ डिसेंबर १९३० ला बंद झालं आणि काही वर्षांत त्याचा मागमूसही उरला नाही. आज रोज चर्चगेटला उतरणाऱ्या कित्येकांना आपली गाडी एकेकाळी इथे संपत नव्हती, हे ठाऊकही नसतं.

स्टेशन बंद पडलं म्हणजे प्रवासी आटले असणार, असं आपण सहज धरून चालतो. शहरातल्या स्टेशनांच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खरं नसतं. गर्दी असतानाही स्टेशन बंद होतं. त्यामागे कुणाला तरी त्या जमिनीचा दुसरा उपयोग दिसलेला असतो, गाडी लांब झालेली असते आणि फलाट तोकडा पडलेला असतो, किंवा रुळांची वाटच बदललेली असते. आज ठाणे आणि मुलुंडच्या मधे नवीन स्टेशन उभं राहतं आहे, दिघा सुरू झालं आहे, कळव्याकडे उन्नत मार्ग न्यायचा आहे. अशा काळात जुनी स्टेशनं का गेली हे ठाणे-नवी मुंबईच्या माणसाला समजलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

आधी थोडं तांत्रिक

स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इमारत येते. रेल्वेच्या दृष्टीने इमारत सगळ्यात कमी महत्त्वाची. तिच्यासाठी स्टेशन म्हणजे रूळ, फलाट आणि त्यांच्याभोवतीची जमीन. या तिन्हीपैकी एकाचा जरी मेळ बिघडला तरी स्टेशनचं आयुष्य धोक्यात येतं.

त्यातही टर्मिनस आणि मधलं स्टेशन यांत मोठा फरक आहे. मधल्या स्टेशनात गाडी येते, थांबते, पुढे जाते. त्याला तुलनेने कमी जागा पुरते. टर्मिनसला मात्र गाडी रात्री उभी करायला जागा लागते, धुवायला-तपासायला लागते, वाफेच्या काळात तर इंजिन फिरवायला, कोळसा-पाणी भरायलाही लागायची. शिवाय मालाचं यार्ड. एवढी जमीन टर्मिनस खातं, आणि टर्मिनस बहुधा शहराच्या सगळ्यात महागड्या टोकाला असतं. मधलं स्टेशन उखडायचं तर रूळ तिथून जातातच, जमीन फारशी मोकळी होत नाही. टोकाचं स्टेशन उखडलं की सलग पट्टा हाती येतो. त्यामुळे टोकाच्या स्टेशनावर नजर पहिली जाते.

ठाणे १८५३ ला टर्मिनस होतं, पण जेमतेम वर्षभर. १ मे १८५४ ला रूळ खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेले आणि ठाणे मधलं स्टेशन झालं. त्याचं दीर्घायुष्य तिथेच नक्की झालं, असं मला वाटतं.

कुलाबा: समुद्राच्या कडेने गेलेले रूळ

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांची ‘बीबी अँड सीआय’, आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज. तिचे रूळ गुजरातेतून सुरू झाले आणि १८६४ मध्ये मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आले. पुढे दक्षिणेला सरकत बॅकबेपर्यंत पोचले. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेला पहिली उपनगरी गाडी धावली. १८७० मध्ये चर्चगेट आलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत रूळ कुलाब्याला भिडले. १८९६ मध्ये तिथे टर्मिनसची नवी इमारत झाली.

हे रूळ कुठून जात होते, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण स्टेशन बंद पडण्याचं कारण त्यातच आहे. तेव्हा मरीन ड्राइव्ह नव्हता. नरीमन पॉइंट नव्हता. चर्चगेटच्या पश्चिमेला जवळजवळ लगेच समुद्र होता. एका बाजूला ओव्हल आणि कूपरेजची मैदानं, दुसऱ्या बाजूला बॅकबेचं पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून रेल्वे कुलाब्याकडे जायची. किनाऱ्याची पट्टी रेल्वेला देण्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. शहराला तिचा दुसरा उपयोग नव्हता.

कुलाब्यालाच का जायचं? तर कापसासाठी. मुंबईचा कापूसबाजार आधी किल्ल्यातल्या मोकळ्या मैदानावर भरायचा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो कुलाब्याला हलवला गेला. गुजरात आणि खानदेशातला कापूस रेल्वेने यायचा, तिथे वजन-व्यवहार व्हायचे आणि तिथून तो गोदीत जायचा. स्टेशनाला लागून कापसाची यार्डं होती. प्रवासी गाड्या त्या मालवाहतुकीच्या जोडीने वाढत गेल्या.

मग १९२० चं दशक आलं आणि एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या. कापूसबाजार कुलाब्याहून शिवडीला गेला. हार्बर मार्गावरचं कॉटन ग्रीन स्टेशन ज्या भागात आहे, तोच हा भाग. मालाचं कारण संपलं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत सरकारने बॅकबेमध्ये भराव घालायची प्रचंड योजना हाती घेतली. समुद्रात ८ ब्लॉक आखले गेले. भिंत बांधायची, गाळ उपसून आत टाकायचा आणि समुद्राच्या जागी जमीन करायची.

योजना चांगलीच फसली. खर्च भडकला, टाकलेला गाळ टिकेना. मुंबईतले वकील आणि काँग्रेसचे नेते खुर्शेद नरीमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि १९२८ मध्ये नरीमन त्यातून निर्दोष सुटले. आठपैकी चारच ब्लॉक तेव्हा भरून झाले: उत्तरेकडचे १ आणि २, दक्षिणेकडचे ७ आणि ८. बाकीचा भराव स्वातंत्र्यानंतर झाला आणि त्याला नरीमन यांचंच नाव मिळालं.

पण जे ब्लॉक झाले त्यांनी रेल्वेची जागाच बदलून टाकली, आणि तीही रेल्वे एक इंचही न हलता! कालपर्यंत शहराच्या कडेने जाणारे रूळ आता नव्या आणि जुन्या शहराच्या मधोमध आले. पूर्वेला जुनं फोर्ट, पश्चिमेला भरावाची कोरी, महागडी जमीन, आणि मधे रूळ, फाटकं, यार्डाची कुंपणं. भरावावरचे भूखंड चांगल्या किमतीला विकायचे तर तिथून थेट ओव्हलला, कोर्टाला, फोर्टला जाता यायला हवं. सरकारने चर्चगेटच्या दक्षिणेची रेल्वे काढून जमीन परत घ्यायचं ठरवलं.

या निर्णयातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी तारीख ५ जानेवारी १९२८ ची आहे. त्या दिवशी कुलाबा ते बोरिवली विजेवरची गाडी सुरू झाली. म्हणजे तारा ओढल्या, खांब रोवले, विजेच्या लोकल आल्या, कुलाबा हे विजेवर चालणारं आधुनिक टर्मिनस झालं, आणि तीन वर्षंही पूर्ण व्हायच्या आत ते बंद झालं. स्टेशन जुनाट झालं म्हणून गेलं असं म्हणायची सोयच या तारखेने ठेवलेली नाही.

कुलाब्याच्या लांब पल्ल्याच्या गाड्या कुठे न्यायच्या? त्यासाठी बेलासिस रोडला बॉम्बे सेंट्रल बांधलं गेलं. क्लॉड बॅटली यांचा आराखडा, शापूरजी पालनजी यांचं बांधकाम, २१ महिन्यांत काम फत्ते, खर्च १ कोटी ५६ लाख रुपये. १८ डिसेंबर १९३० ला त्याचं उद्घाटन झालं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत कुलाब्याचा शेवटचा दिवस उजाडला. उपनगरी गाड्यांसाठी चर्चगेट हेच टोक ठरलं.

आज तिथे काय आहे

कुलाबा स्टेशनची जागा आज बधवार पार्क म्हणून ओळखली जाते. रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर हे नाव देशभर ऐकू आलं, कारण दहशतवादी होडीतून उतरले ते तिथल्याच मच्छिमार वस्तीजवळ. स्टेशन गेलं, तरी जमिनीचा एक तुकडा रेल्वेच्या हातात राहिला, एवढाच त्याचा अर्थ.

ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारतींची रांग आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना मिळून जागतिक वारसा ठरवलं: पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, पश्चिमेला या. ही पश्चिमेची रांग १९३० च्या दशकातली. रेल्वे हटली नसती तर ती आज दिसते तशी मैदानाला तोंड करून उभी राहिली नसती. इथे मी सरकारची बाजू मान्य करतो. त्या बदल्यात शहराला खरोखर काहीतरी मिळालं. सगळ्या स्टेशनांच्या बाबतीत असं म्हणता येत नाही.

चर्चगेटच्या फलाटाच्या टोकाला कधी मुद्दाम जाऊन उभे राहा. रूळ जिथे संपतात तिथे गाडी अडवणारे बफर आहेत, त्यांच्यामागे थेट हॉल, आणि हॉलच्या पलीकडे रस्ता. २८ जून २०१५ ला एक लोकल बफर ओलांडून फलाटावर चढली होती, ते चित्र अनेकांच्या लक्षात असेल. १९३० पर्यंत याच दिशेने गाड्या सरळ पुढे जात होत्या. चर्चगेट हे तेव्हा ठाण्यासारखंच मधलं स्टेशन होतं. समोर वास्तुविशारद स्टीव्हन्स यांनी बांधलेली बीबी अँड सीआयची मुख्य कचेरी १८९९ पासून उभी आहे, आज तिथे पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे. त्या इमारतीने समोरचं स्टेशन मधल्याचं टोकाचं होताना पाहिलं.

कुलाब्याच्या लोकांनी मग काय केलं? त्यांना ट्राम होतीच. शिवाय १५ जुलै १९२६ ला मुंबईची पहिली बस धावली ती अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे कुलाब्याहूनच. स्टेशन गेल्यावर या साधनांवर सगळा भार आला. चर्चगेटला किंवा व्हीटीला उतरायचं आणि तिथून बस, टॅक्सी किंवा पायी. ठाण्याहून कफ परेडच्या ऑफिसात जाणाऱ्या माणसाने हे कित्येक दशकं केलं: सीएसएमटीपर्यंत लोकल आणि पुढे बसच्या रांगेत उभं राहणं.

आणि मग ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ चा शेवटचा टप्पा सुरू झाला. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं. तिची दक्षिणेकडची तीन स्टेशनं बघा: चर्चगेट, विधान भवन, कफ परेड. १९३० मध्ये जो तुकडा काढून टाकला तोच जवळपास ९५ वर्षांनी परत बांधावा लागला, या वेळी जमिनीखालून, आणि किती पट जास्त खर्चाने! भरावाची जमीन विकायची म्हणून रेल्वे काढली, आणि त्याच जमिनीवर एवढी ऑफिसं झाली की रेल्वे परत आणावी लागली.

जहाजासाठी जगलेलं स्टेशन

त्याच काळातलं दुसरं नाव म्हणजे बॅलार्ड पिअर मोल. विलायतेहून टपाल आणि साहेब लोक घेऊन येणारी बोट धक्क्याला लागली की प्रवाशांना बोटीतून उतरून थेट गाडीत बसता यावं, म्हणून गोदीच्या धक्क्यावरच बांधलेलं स्टेशन. १९२८ मध्ये सुरू झालेली पेशावरची फ्रंटियर मेल बोटींच्या हंगामात इथून सुटायची. या स्टेशनाला स्वतःचं गाव नव्हतं, पेठ नव्हती, रोज ये-जा करणारा नोकरदार नव्हता. त्याचं वेळापत्रक बोटीच्या वेळापत्रकाला बांधलेलं. बोटीचं महत्त्व संपलं आणि स्टेशनही संपलं. एकाच कारणावर जगणाऱ्या स्टेशनाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

गाडी लांब झाली, फलाट तेवढाच राहिला

जमिनीनंतर दुसरं कारण फलाटाचं. आपल्या लोकलचा एक डबा साधारण २० मीटरचा. ९ डब्यांची गाडी १८० मीटरच्या पुढे जाते, १२ डब्यांची २४० च्या पुढे, १५ डब्यांची ३०० च्या पुढे. म्हणजे दर तीन डब्यांमागे फलाट निदान ६० मीटर वाढवावा लागतो. मोकळ्या माळावर हे सोपं असतं. जुन्या शहरात फलाटाच्या एका टोकाला पूल असतो, दुसऱ्या टोकाला चाळ, किंवा लगेच रुळांचे सांधे सुरू होतात. हार्बर मार्गावरच्या सगळ्या गाड्या १२ डब्यांच्या व्हायला २०१६ उजाडलं, ते याच अडचणीमुळे. नवी मुंबईतली स्टेशनं सिडकोने मोकळ्या जागेत ऐसपैस बांधली होती. अडचण होती ती मुंबईकडच्या टोकाला.

न्यूयॉर्कमध्ये याच कारणाने एक देखणं स्टेशन गेलं. तिथल्या पहिल्या भुयारी रेल्वेचं सिटी हॉल स्टेशन २७ ऑक्टोबर १९०४ ला सुरू झालं. कमानदार छत, रंगीत फरशा, झुंबरं. पण ते एका गोल वळणावर होतं. डबा सरळ असतो आणि फलाट वाकडा, त्यामुळे डबा आणि फलाट यांच्यामध्ये कुठे ना कुठे फट राहतेच. पुढे गाड्या लांब झाल्या, नव्या डब्यांना मधोमध दारं आली, आणि नेमकी त्या दारांसमोरची फट धोक्याची झाली. शेजारचं ब्रुकलिन ब्रिज स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ. ३१ डिसेंबर १९४५ ला सिटी हॉल बंद केलं. गाड्या मात्र आजही त्या वळणावरून फिरतात. रिकामी गाडी वळसा घालून परत येते, आणि बंद फलाट शेजारून सरकत जातो.

लंडनचं ऑल्डविच वेगळ्या कारणाने गेलं. १९०७ ला सुरू झालेल्या त्या खोल स्टेशनाच्या लिफ्टही तेवढ्याच जुन्या. त्या बदलायला सुमारे ३० लाख पौंड लागणार होते आणि रोजचे प्रवासी होते साडेचारशेच्या आसपास. ३० सप्टेंबर १९९४ ला ते बंद झालं. इथे प्रवासीसंख्येचं कारण खरं आहे, पण तेही एकटं नाही. लिफ्ट चालत होत्या तोवर तेवढ्याच प्रवाशांवर स्टेशन चालू होतं.

आणि बर्लिन. १९६१ मध्ये भिंत उभी राहिली तेव्हा पश्चिम बर्लिनच्या काही भुयारी गाड्यांची वाट पूर्वेच्या हद्दीखालून जात होती. पूर्वेने आपल्या हद्दीतली त्या मार्गांवरची बहुतेक स्टेशनं बंद केली. गाड्या वेग कमी करून अंधाऱ्या फलाटांजवळून जायच्या, फलाटावर बंदूकधारी पहारेकरी. जमीन, फलाट, रूळ, प्रवासी, सगळं शाबूत, पण सरकारच्या एका हुकमाने २८ वर्षं दारं बंद. नोव्हेंबर १९८९ मध्ये भिंत पडली आणि दोनच दिवसांत यानोवित्सब्रुक हे पहिलं स्टेशन उघडलं. एवढ्या वर्षांनंतर ते लगेच उघडता आलं, कारण रूळ कुणी उखडले नव्हते. कुलाब्याचे रूळ उखडले, जमीन वाटली गेली, म्हणून परत यायला शतक लागलं.

पारसिकचा बोगदा आणि वाचलेलं मुंब्रा

तिसरं कारण, रुळांची वाट बदलणं, हे ठाण्याइतकं जवळून फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळेल.

१८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणला गेलेले रूळ पारसिकच्या डोंगराला बगल देत, खाडीच्या कडेकडेने, मुंब्र्यावरून गेले. वाट वळणावळणाची होती. वाढत्या गाड्यांना ती पुरेना, तेव्हा डोंगर थेट फोडून सुमारे १३०० मीटरचा पारसिक बोगदा काढला. १९१६ मध्ये तो सुरू झाला. जलद गाड्या सरळ बोगद्यातून जाऊ लागल्या.

अशा वेळी जुनी वाट बहुधा मरते. भोर घाटात हेच झालं. १८६३ मध्ये घाट खुला झाला तेव्हा चढ इतका तीव्र होता, की गाडी एका ठिकाणी थांबून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट्या दिशेने पुढे चढायची. त्यासाठी डोंगराच्या कुशीत खास स्टेशन होतं, रिव्हर्सिंग स्टेशन. १९२९ मध्ये नवी वाट काढली, गाड्यांना दिशा बदलायची गरज उरली नाही आणि ते स्टेशन संपलं.

मुंब्रा वाचलं, कारण जुने रूळ काढले नाहीत. धीम्या गाड्या त्यांच्यावरून जात राहिल्या. जलद आणि धीमी वाहतूक वेगवेगळ्या रुळांवर ठेवायची तर चार रूळ हवेतच, आणि बोगद्यात दोनच मावत होते. रेल्वेने तेव्हा काटकसर म्हणून जुनी वाट मोडीत काढली असती, तर आज कळवा आणि मुंब्रा या स्टेशनांचं काय झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही.

आणि पुढे तर उलटंच घडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. नव्या मार्गिका मुंब्र्याच्या बाजूने गेल्या. त्यानंतर जलद लोकल बोगद्यातून जायच्या थांबल्या आणि कळवा-मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या. बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना मिळाला. ज्या वळणदार वाटेपासून सुटका म्हणून बोगदा खणला, त्याच बाजूला शंभर वर्षांनी जलद लोकल परत आल्या. बोगद्यातला काळोख आणि तो कानठळ्या बसवणारा आवाज ज्यांच्या रोजच्या प्रवासाचा भाग होता, त्या डोंबिवली-कल्याणकरांना हा बदल पहिल्याच दिवशी जाणवला. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर शेजारून गेलेल्या दोन जलद लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. गाड्यांची वाट कुठून न्यायची, हा विषय किती गंभीर आहे हे त्या सकाळी सगळ्यांनी पाहिलं.

ठाणे टिकलं, पण कसं

ठाण्याला जमिनीची ददात नव्हती असं नाही. दोन्ही बाजूंनी बाजारपेठ स्टेशनाला चिकटलेली. गोखले रोडकडून चालत येताना शेवटची शंभर पावलं कशी टाकावी लागतात ते ठाणेकराला सांगायला नको. तरीही स्टेशन वाढत राहिलं, ते फलाटांच्या रूपाने. २००४ मध्ये ट्रान्स-हार्बर मार्ग सुरू झाला आणि वाशी-तुर्भ्याकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी ९ आणि १० नंबरचे फलाट मिळाले. नवी मुंबईला जायला कुर्ल्याचा वळसा घालायची गरज संपली.

पण ५ आणि ६ नंबर तसेच अरुंद राहिले. संध्याकाळी कर्जत-कसारा जलद यायच्या वेळेला, त्यात बाहेरगावची गाडी लागलेली, सामानाचे ढीग, जिन्याखाली दबलेली रांग... शेवटी मे २०२४ च्या अखेरीस तब्बल ६३ तासांचा ब्लॉक घेतला, म्हणजे तेवढा वेळ तिथली वाहतूक थांबवली. ५ नंबरचा रूळ बाजूला सरकवला आणि मोकळ्या झालेल्या पट्टीत काँक्रीटचे तयार पोकळ ठोकळे एकाला एक लावून फलाट दोन-तीन मीटरने रुंद केला. ठोकळे आधीच ओतून ठेवल्यामुळे हे तीन दिवसांत जमलं. जागेवर काँक्रीट ओतत बसले असते तर ते सुकायलाच कितीतरी दिवस गेले असते. दोन-तीन मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. ५ नंबरवर रोज उभं राहणाऱ्याला तो फरक पायाखाली कळतो.

याच्या उलट गोष्ट दिघ्याची. ऐरोली आणि ठाण्याच्या मधे दिघा गाव स्टेशन बांधून तयार झालं, आणि गाड्या कित्येक महिने न थांबता पुढे जात राहिल्या. स्थानिकांना मागणी लावून धरावी लागली. १२ जानेवारी २०२४ ला, खारकोपर ते उरण मार्गाबरोबर त्याचं उद्घाटन झालं. हे स्टेशन खरं तर ऐरोली-कळवा उन्नत मार्गाचा पहिला टप्पा आहे. कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्या माणसाला आज ठाण्याला उतरून, पूल चढून ९-१० नंबरला जावं लागतं. उन्नत मार्ग झाला तर तो कळव्याहून थेट वळेल आणि ठाण्यावरचा तेवढा भार उतरेल. मार्गाच्या वाटेत लोकांची घरं आहेत, त्यांच्या पुनर्वसनावर दुसरा टप्पा अडून राहिला आहे. त्या घरांना आधी नीट छप्पर मिळालं पाहिजे, हे मी रेल्वेप्रवासी म्हणून म्हणतो.

ठाणे-मुलुंडच्या मधल्या नव्या स्टेशनची जागा मनोरुग्णालयाच्या आवारातली. एप्रिल २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती जागा वापरायची वाट मोकळी केली. तिथे फलाट किती डब्यांचे होणार, जलद लोकल थांबणार की फक्त धीम्या, घोडबंदरकडून येणाऱ्या बसला आणि रिक्षाला दाराशी किती जागा असणार, हे प्रश्न आत्ता, काम पुरं व्हायच्या आधी विचारायचे आहेत. फलाट १५ डब्यांना पुरेल इतका सुरुवातीलाच बांधला तर पुढे ६० मीटर जागेसाठी कुणाच्या भिंती पाडाव्या लागणार नाहीत. आणि या नव्या स्टेशनच्या निमित्ताने जुन्या ठाण्याच्या गाड्या कमी करण्याचा विचार कुणाच्या मनात आला, तर तो वेळापत्रकाच्या कागदावर येण्याआधीच ठाणेकरांना कळायला हवा.